बैठकेपासून शाळेपर्यंत

1834 पासून कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरांतून करारबद्ध मजूर मॉरिशसला आणले गेले. मुंबईहून आलेल्यांत आपले कोकणातले पूर्वजही होते. करारावर काय लिहिले आहे ते स्वतः वाचू शकणारे त्यांत फार थोडे. दिवसभर उसाच्या मळ्यात राबून रात्री बैठकेत जमणाऱ्यांनी भजन आणि बाराखडी जपली. सरकारी शाळेचे दार मात्र त्यांच्या मुलांसाठी फार हळू उघडले.

स्वातंत्र्यानंतरही माध्यमिक शिक्षणाची फी गरिबाला झेपत नसे. मे 1975 मध्ये समान शिक्षणासाठी हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले. 1977 पासून सर शिवसागर रामगुलाम यांच्या सरकारने माध्यमिक शिक्षण मोफत केले. आपल्या कित्येक घरांतली पहिली मुलगी कॉलेजात गेली ती त्यानंतरच.

फी गेली, पण चांगल्या विद्यालयांतल्या जागा मोजक्याच राहिल्या. त्या जागांसाठी सहावीच्या सीपीई परीक्षेत देशभराची क्रमवारी लागे. अकरा वर्षांचे मूल ट्यूशनला जुंपले जाई. आणि साधारण एक तृतीयांश मुले नापास होत. मराठीसह पौर्वात्य भाषांचे गुण या क्रमवारीत धरावेत म्हणून 1995 साली घटनादुरुस्ती मांडली गेली. ती फसली आणि त्यावरून निवडणूक लागली. जी भाषा मोजली जात नाही, ती घरातही मागे पडते, हे आपण तेव्हा पाहिले.

2002 मध्ये क्रमवारी बंद झाली, प्रवेश विभागवार झाले, नवी विद्यालये उभी राहिली. ज्या शाळांचा निकाल सतत 40 टक्क्यांखाली राही, त्यांना प्राधान्य क्षेत्र ठरवून जादा मदत देण्यात आली. सरकार बदलले आणि काही वर्षांत स्पर्धा परतली. 2005 पासून सोळा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे झाले. 2012 पासून क्रिओल हा ऐच्छिक विषय म्हणून प्राथमिक शाळेत आला. 2017 मध्ये सीपीईच्या जागी पीएसएसी आणि नऊ वर्षांचे सलग मूलभूत शिक्षण आले.

आज मराठी प्राथमिक शाळेत शिकवली जाते. मोका येथील महात्मा गांधी संस्था तिची पाठ्यपुस्तके तयार करते. पण नाव नोंदवताना मराठी निवडायची की नाही, हे सरकार ठरवत नाही. ते आपण ठरवतो. सुधारणा वरून येतात आणि सरकारबरोबर बदलतातही. बैठका मात्र कोणत्याही सरकारने उघडल्या नव्हत्या. शाळेचे दार आता उघडे आहे. आत आपल्या मुलांना काय शिकवले जाते आणि मागे कोण राहते, हे विचारत राहणे आपल्याच हाती आहे.