उभी चित्रे चालू लागतात तेव्हा

आजोबांची पंचाहत्तरी जवळ आली की घरातला एखादा नातू संगणकापुढे ठाण मांडतो. ट्रंकेतले फोटो बाहेर निघतात, यंत्रात घातले जातात, आणि समारंभाच्या दिवशी पडद्यावर आजोबांचा मुंजीतला चेहरा हळूहळू मोठा होत जातो. मागे सनई असतेच. मंडळी डोळे पुसतात. न हलणाऱ्या फोटोला असे चालवण्याची विद्या कोठून आली, याचा शोध घेताना मी थेट कॅनडाच्या बर्फात जाऊन पोहोचलो.

तसे पाहिले तर काचेवरच्या चित्रांत जीव भरण्याची हौस आपल्याकडेही जुनी. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ दाखवायला सुरुवात केली. हाताने रंगवलेल्या काचा दिव्यापुढे भराभर बदलून ते पुराणातल्या कथा पडद्यावर उभ्या करीत. पण तिथे चित्रकार आपल्या हुकमातला होता. हवे ते चित्र त्याच्याकडून रंगवून घेता येई. फोटोचे तसे नाही. त्यात जे उतरले ते उतरले. पुढे येणाऱ्याने त्यातूनच काय ते वेचायचे.

आता कॅनडा. १८९६ साली क्लोंडाइक भागात सोने सापडले आणि हजारो माणसे तिकडे धावली. वर्षभराची शिधासामग्री बरोबर असल्याशिवाय पोलीस हद्दीत शिरू देत नसत. म्हणून जवळजवळ टनभर ओझे खेपाखेपांनी पाठीवर वाहत माणसे चिलकूटची बर्फाळ खिंड चढत. एरिक हेग नावाचा फोटोग्राफर या गर्दीत होता. इतर कुदळ-फावडी घेऊन निघाले, हा काचा घेऊन निघाला! पांढऱ्या शुभ्र उतारावर मुंग्यांसारखी लागलेली माणसांची रांग त्याने टिपली. सोने बहुतेकांना मिळाले नाही. हेगच्या काचा मात्र राहिल्या.

साठ वर्षांनी, १९५७ साली, तिथल्या नॅशनल फिल्म बोर्डातल्या कॉलिन लो आणि वुल्फ केनिग यांनी अशा जुन्या फोटोंवरून ‘सिटी ऑफ गोल्ड’ हा वीस-बावीस मिनिटांचा बोलपट केला. निवेदन पिअर बर्टन यांचे. त्यांचे बालपण त्याच डॉसन गावात गेलेले. आरंभी आजचे, म्हणजे तेव्हाचे, ओसाड डॉसन दिसते. बाकावर बसलेले म्हातारे दिसतात, आणि मग कधी आपण १८९८ सालच्या फोटोत शिरलो ते कळतच नाही.

ते का कळत नाही, यातच सारी मेख आहे. एक तर काचेवरचा फोटो इतका बारकाईने उतरलेला असे की त्याचा लहानसा कोपरा पडद्याएवढा केला तरी मिशीचा केस अन् केस दिसे. दुसरे, कॅमेऱ्याची चाल. फोटो टेबलावर ठेवून एकेक चौकट टिपायची, सेकंदाला चोवीस. त्यात चाल यंत्रासारखी धक्क्याने सुटली की कागदावरचे चित्र कागदाचेच राहते. म्हणून रोमन क्रॉयटर यांनी ही चाल आधी आखून घेण्यासाठी एक उपकरण बनवले. हलकेच सुटायचे, हलकेच थांबायचे, जसा माणसाचा डोळा फिरतो तसे.

या चित्रपटाचे ऋण अमेरिकेच्या केन बर्न्स यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धावर त्यांनी १९९० साली जी मालिका केली, तिचा विषय चलच्चित्राच्या जन्माआधीचा. फोटो आणि पत्रे यांवरच सारी भिस्त. पुढे २००३ साली ‘ॲपल’ कंपनीने आपल्या आयमूव्हीमधल्या एका कळीला त्यांचेच नाव दिले. मौज अशी की बर्न्स जाहिरातीला नाव देत नसत. स्टीव्ह जॉब्स यांनी गळ घातली तेव्हा मोबदला म्हणून त्यांनी सेवाभावी संस्थांसाठी यंत्रसामग्री मागून घेतली.

लो आणि केनिग यांनी जी आखणी हाताने केली ती आता कळ दाबून होते, आणि माझी तक्रार इथेच सुरू होते. कळीला आपले आजोबा कोण हे ठाऊक नसते. जुना फोटो बहुधा चारास तीन या मापाचा, आजचा पडदा सोळास नऊ. कडेच्या काळ्या पट्ट्या नकोत म्हणून फोटो पडद्याभर ताणला की उंचीचा चौथा हिस्सा कापला जातो. आता आपल्या घरातला ग्रुप फोटो आठवा. खुर्च्यांवर वडीलधारे, पुढे सतरंजीवर पोरे, आणि मागे उभ्या लेकीसुना. वरून-खालून कापले तर जाणार कोण? ज्यांचा दुसरा फोटो मुळी निघालाच नाही, नेमक्या त्याच! पणजीचा उभ्या आयुष्यातला एकुलता एक चेहरा भुवयांपाशी छाटलेला पाहिला की कादंबरीकार म्हणून नव्हे, घरचा माणूस म्हणून मला राग येतो.

म्हणून सांगतो, तयारी आधी करावी. सहा इंच रुंदीचा फोटो इंचाला ६०० ठिपक्यांनी उतरवला तर ३६०० ठिपके हाती येतात. पडद्याला १९२० लागतात. म्हणजे जवळजवळ दुप्पट जवळ जाण्याची सोय झाली. त्याहून जवळ गेलात तर चेहरा विरघळू लागतो. जुन्या टीव्हीच्या काळी यापेक्षा पीडा अधिक होती. टीव्हीचे ठिपके संगणकासारखे चौरस नसत, ७२० बाय ५७६ ची चौकट. फोटो हिशेब न करता घातला की बारीक माणसेही सुजल्यासारखी दिसत. लुगड्याच्या काठावरच्या बारीक रेघा थरथरत, म्हणून फोटो मुद्दाम किंचित पुसट करून घेत.

आणि आधी अख्खा फोटो दाखवावा, कडेला पट्ट्या दिसल्या तरी दिसू द्याव्यात. मग चाल कोठून सुरू करायची ते ठरवावे. दर वेळी मधल्या खुर्चीकडेच का जायचे? एकदा मागच्या रांगेच्या टोकापासून निघून पाहा. फोटो पालथा करून पाठही उतरवून ठेवा. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी साल असते, आणि कोणीतरी पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे नावे लिहिलेली असतात.