घाटमाथा आणि बंदर यांच्या मधली काळू

नाणेघाटातल्या लेण्यात नागनिका या सातवाहन राणीचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांचे आकडे त्यात भिंतभर कोरले आहेत. घाटाखालच्या काळू नदीबद्दल तो गप्प आहे. इ.स.च्या पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ कल्याण बंदराची हकिगत सांगतो. थोरल्या सारगनसाच्या काळी तिथे राजमान्य व्यापार चाले. पुढे संदनेसाचा ताबा आल्यावर तिथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. नदी इथेही नाही. एक साधन माथ्यावरचे, दुसरे खाडीवरचे. मधला मुरबाडचा मुलूख जमिनीच्या उतारावरूनच वाचावा लागतो.

तो उतार बोलका आहे. माथ्याच्या पूर्वेला पडलेला पाऊस कुकडीतून घोड, भीमा, कृष्णा असा बंगालच्या उपसागराला जातो. पश्चिमेला पडलेला काळूत उतरतो, टिटवाळ्यावरून उल्हासला मिळतो आणि अरबी समुद्र गाठतो. दक्षिणेला म्हशाच्या बाजूचे पाणी बारवीतून उल्हासलाच येते. उत्तरेला शहापूरचे भातसेत.

नकाशावर ही नदी दिसली की माल होड्यांनी कल्याणला गेला असे लिहिण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. होडीला भरतीचे पाणी लागते, आणि ते खाडीपुरतेच. खाडीच्या वर, मुरबाडात काळूचे पात्र खडकाळ आहे. पावसाळ्यात लोंढा, उन्हाळ्यात डोह. घाटातल्या टाक्यांचा पुरावाही हेच सुचवतो. त्यांतले एक टाके सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिल्याचा लेख तिथेच आहे. बंदरगावच्या माणसाने माथ्यावर पाण्याची सोय करावी, याचा सरळ अर्थ असा की चढून येणारे तहानलेले असत. अफाट पाऊस पडूनही त्या कातळावर पाणी टिकत नाही.

तेव्हा नदीने मार्ग दिला तो तिच्या खोऱ्याच्या सपाटीचा: कल्याण, मुरबाड, टोकावडे, वैशाखरे आणि मग चढण. ओझे वाहिले ते जनावरांनी. म्हशाला पौष पौर्णिमेच्या जत्रेत आजही मोठा बैलबाजार भरतो. त्याचा धागा थेट सातवाहनांशी जोडायला माझ्याकडे आधार नाही आणि मी तो जोडणार नाही. पण या मुलखात चाकोरीच्या वाटांना बैल किती मोलाचा होता, हे त्या बाजारात उभे राहिले की कळते.