विद्यार्थ्याच्या हातीं आलेली प्रयोगशाळा

कॉलेजांत पदार्थविज्ञान घेतलेला विद्यार्थी पहिल्या वर्षीं आठवड्यांतून एकदां-दोनदां प्रयोगशाळेंत जातो. तेथें तो लंबकाचे झोके मोजतो, तारेची जाडी काढतो, भिंगाचें केंद्रांतर ठरवितो, आंकडे जर्नलांत भरतो आणि वर्षअखेर त्या जर्नलावर शिक्षकाची सही घेतो. ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे कीं, शास्त्राचा अभ्यास पूर्वींपासून असाच चालत आला असावा असें घरोघरीं समजलें जातें. वास्तविक ही रीत दीडशें वर्षांहून फारशी जुनी नाहीं, आणि ती सुखासुखी आलेलीहि नाहीं. कोवळ्या विद्यार्थ्याच्या हातीं उपकरण द्यावें कीं नाहीं, ह्या प्रश्नावर एकेकाळीं मोठमोठ्या विद्वानांची तोंडें दोन दिशांना होतीं.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत प्रयोग ही गुरूनें करून दाखविण्याची गोष्ट होती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅरडे व्याख्यान देई, तेव्हां त्याच्या मेजावरील चमत्कार पाहावयास लहानथोर गर्दी करीत. पण मेजाच्या पलीकडचा श्रोता तो श्रोताच. उपकरणें महाग, तीं नाजूक, आणि विद्यार्थी धसमुसळे. मग त्यांच्या स्वाधीन तीं कोण करणार? रसायनाच्या विद्यार्थ्यांना जर्मनींत लीबिग यानें नळ्या व भट्ट्या केव्हांच दिल्या होत्या. पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी मात्र बाकावरच बसून होता.

त्याला बाकावरून प्रथम उठविणाऱ्यांत विल्यम टॉमसन हा एक होता. हाच पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून विख्यात झाला. १८४६ सालीं, वयाच्या २२व्या वर्षीं, तो ग्लासगो येथें प्राध्यापक झाला. त्याला धातूंच्या विद्युत्‌-गुणांचीं मापें हवीं होतीं, आणि तीं घेण्यास एकट्याचे हात पुरेसे नव्हते. त्यानें विद्यार्थ्यांतूनच मदतनीस गोळा केले. जागा मिळाली ती कॉलेजच्या जुन्या इमारतींतील मद्य साठविण्याच्या तळघराची. तेथें ना अभ्यासक्रम होता, ना परीक्षा. ज्याला हौस असेल त्यानें यावें, पडेल तें काम करावें आणि जमेल तें शिकावें, असा सारा मोकळा कारभार होता. त्यांतून शिष्य तयार झाले खरे. परंतु वर्गांतल्या प्रत्येक मुलाला, हुशार असो वा मंद, असें शिक्षण कसें द्यावें, ह्याचें उत्तर त्या तळघरांत नव्हतें.

तें उत्तर अमेरिकेंत बोस्टन शहरीं सांपडलें. तेथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था १८६१ सालीं स्थापन झाली होती. यादवी युद्धामुळें तिचे वर्ग १८६५ पर्यंत सुरू होऊं शकले नाहींत. संस्थापक विल्यम बार्टन रॉजर्स याच्या मनांत विद्यार्थ्यांसाठीं पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा आरंभापासूनच होती. ती प्रत्यक्षांत आणली एडवर्ड पिकरिंग ह्या तरुण प्राध्यापकानें. १८६९ सालीं त्यानें आपली योजना मांडली, तेव्हां त्याचें वय अवघें २२ वर्षांचें होतें.

पिकरिंगची युक्ति पाहिली म्हणजे हसूं येतें, इतकी ती सोपी आहे. वीस विद्यार्थ्यांना एकच प्रयोग एका वेळीं द्यावयाचा, तर एकाच उपकरणाचे वीस संच विकत घ्यावे लागणार. तेवढा पैसा कोणत्याहि संस्थेजवळ नसतो. मग वीस प्रयोगांचीं वीस मेजें कां मांडूं नयेत? प्रत्येक मेजावर एकेका प्रयोगाचें साहित्य कायमचें ठेवलेलें असे. भिंतीवर एक फळा टांगलेला असे. त्यावर एका बाजूस प्रयोगांच्या नांवांच्या चिठ्ठ्या आणि त्यांच्यासमोर विद्यार्थ्यांच्या नांवांच्या चिठ्ठ्या. विद्यार्थ्यानें आंत यावें, फळ्यावर आपलें नांव पाहावें, त्या मेजाशीं जाऊन पुस्तकाच्या आधारें प्रयोग करावा, आणि तो संपला कीं दुसऱ्या मोकळ्या मेजाकडे वळावें. शिक्षकानें फिरत राहून अडलेल्याला हात द्यावा. अशा रीतीनें एकटा शिक्षक सुमारें वीस मुलांवर सहज देखरेख ठेवूं शके. आजहि आपल्याकडील कित्येक कॉलेजांत प्रयोग आळीपाळीनें फिरविले जातात. त्याचें मूळ त्या फळ्यांत आहे.

ह्या प्रयोगांसाठीं पिकरिंगनें जें पुस्तक लिहिलें, त्याचा पहिला भाग १८७३ सालीं निघाला. त्याचा आरंभ विजेच्या ठिणग्यांनीं किंवा इंद्रधनुष्याच्या रंगांनीं होत नाहीं. मोजपट्टीच्या दोन रेघांमधील जागेचे नुसत्या नजरेनें दहा भाग कसे पाडावे, ही त्यांतली पहिलीच तालीम आहे. संगीताच्या शिष्याला गुरु महिनोन्‌महिने षड्ज लावावयास सांगतो, त्यांतलाच हा प्रकार. आंकडे आलेखावर मांडून त्यांतून नियम कसा ओळखावा, हेंहि तो प्रारंभींच शिकवितो. चमत्कार पाहण्याकडून माप घेण्याकडे शास्त्रशिक्षणाचें जें वळण लागलें, तें येथें स्पष्ट दिसतें.

त्याच सुमारास इंग्लंडांत केंब्रिज येथें कॅव्हेंडिश प्रयोगशाळेची उभारणी चालली होती. डेव्हनशायरच्या ड्यूकनें तिच्यासाठीं धन दिलें. १८७१ सालीं जेम्स क्लार्क मॅक्सवेल याची तेथें नेमणूक झाली आणि १८७४ सालीं इमारत खुली झाली. केंब्रिज हें गणितज्ञांचें माहेरघर. तेथें पितळेच्या चाकांना आणि तांब्याच्या तारांना कोण मान देणार? विरोधकांत अग्रणी होता आयझॅक टॉडहंटर. हें नांव हिंदुस्थानांतील जुन्या पिढ्यांना अपरिचित नव्हतें. त्याचें बीजगणित व त्याची भूमिति इकडील शाळा-कॉलेजांतून वर्षानुवर्षें चालली. १८७३ सालीं त्यानें आपलें म्हणणें ग्रंथरूपानें मांडलें. त्याचा मथितार्थ असा: शिक्षक हा बहुधा परिपक्व ज्ञानाचा व निष्कलंक शीलाचा धर्मोपदेशक असतो, अशा पुरुषानें सांगितलेली गोष्ट खरी वाटण्यासाठीं विद्यार्थ्याला प्रयोग पाहावा लागत असेल, तर त्याचा संशयच अनुचित होय. आपल्या शास्त्रकारांच्या भाषेंत बोलावयाचें तर टॉडहंटर आप्तवाक्याच्या बाजूचा आणि मॅक्सवेल प्रत्यक्ष प्रमाणाच्या बाजूचा. मॅक्सवेलनें एकदां त्याला एका स्फटिकांतून प्रकाशकिरणाचा पोकळ शंकु होतो तो पाहण्यास बोलाविलें, तेव्हां हा विषय आपण जन्मभर शिकवीत आलों, आतां तो पाहून आपल्या कल्पना ढवळून घेण्याची इच्छा नाहीं, असें उत्तर त्यानें दिल्याची आख्यायिका आहे.

ही आख्यायिका सांगून टॉडहंटरला हंसणें सोपें आहे. परंतु त्याचा एक आक्षेप असा होता कीं त्याला हंसून भागत नाहीं. वर्गांत होणारा प्रयोग हा खरा प्रयोगच नव्हे, असें तो म्हणे. त्याचें उत्तर आधींच ठरलेलें असतें, मग शोधकाची कल्पकता अशा पुनरावृत्तींतून कशी यावी? मॅक्सवेललाहि हा धोका दिसत होता. १८७१च्या आपल्या पहिल्या व्याख्यानांत त्यानें सांगितलें होतें कीं, उपकरण जितकें गुंतागुंतीचें तितका त्यापासून होणारा बोध बहुधा कमी. घरीं बनविलेलें, घडोघडी बिघडणारें साधन वापरणारा विद्यार्थी पुष्कळदां अधिक शिकतो, कारण नीट जुळवून दिलेल्या यंत्रावर भरंवसा टाकण्याची संवय लागते आणि तें उकलून पाहण्याची हिंमत होत नाहीं.

मॅक्सवेलच्या हयातींत प्रयोगशाळेंत विद्यार्थी थोडेच असत. १८७९ सालीं तो वारला आणि लॉर्ड रॅले त्याच्या जागीं आला. ग्लेझब्रुक व शॉ ह्या दोघां साहाय्यकांनीं वर्गांची व्यवस्थित घडी बसविली. त्यांचें प्रात्यक्षिकांचें पुस्तक १८८५ सालीं प्रसिद्ध झालें. १८८२ सालापासून स्त्रियांनाहि पुरुषांच्या बरोबरीनें तेथें प्रवेश मिळूं लागला. ज्या विद्यापीठानें स्त्रियांना पूर्ण पदवी १९४८ पर्यंत दिली नाहीं, त्याच्याच एका कोपऱ्यांत हें घडावें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

इकडे अमेरिकेंत प्रयोगांचें लोण शाळांपर्यंत गेलें. हार्वर्ड विद्यापीठानें १८८६च्या सुमारास असा नियम काढला कीं, प्रवेशासाठीं पदार्थविज्ञान घेणाऱ्यानें शाळेंतच किमान चाळीस प्रयोग स्वतः केलेले असावे व त्यांची वही परीक्षकापुढें ठेवावी. प्रयोगांची यादी करणाऱ्यांत प्रमुख होता एड्विन हॉल, ज्याच्या नांवानें १८७९ सालचा ‘हॉल परिणाम’ प्रसिद्ध आहे. हेतु उत्तम होता. पण यादी निघतांच उपकरणें विकणाऱ्यांनीं तिच्याबरहुकूम संच तयार केले, पुस्तकें तिच्यावर बेतलीं गेलीं, आणि चाळीस प्रयोग म्हणजे चाळीस पाककृति होऊन बसल्या. अमकें घ्या, तमकें मोजा, इतकें उत्तर येईल. मुलें उत्तराकडे पाहून आंकडे बसवूं लागलीं तर त्यांना दोष कसा द्यावा? टॉडहंटरचें भाकित प्रयोगशाळेच्या कट्टर पुरस्कर्त्यांनींच खरें करून दाखविलें. १९०६ सालीं शिकागोच्या चार्ल्स रिबोर्ग मान यानें ह्या मापांच्या अतिरेकाविरुद्ध शिक्षकांची चळवळ उभी केली, ती त्यामुळेंच.

नेमक्या त्याच वर्षीं मद्रासेंत कांहीं निराळें घडलें. १८५७ सालीं स्थापन झालेलीं मुंबई, कलकत्ता व मद्रास हीं विद्यापीठें लंडनच्या वळणावर गेलेलीं. इकडील प्रात्यक्षिकांनाहि तेंच वळण. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत एम्. ए.च्या वर्गांतील एक विद्यार्थी साध्या स्पेक्ट्रोमीटरवर लोलकाचा कोन मोजीत होता. हा प्रयोग वर्षानुवर्षें शेंकडों मुलें करीत आलीं आहेत. उजेड तिरका पडला असतां दोहों बाजूंचे काळे-उजळ पट्टे सारखे दिसत नाहींत, एवढी गोष्ट त्याच्या नजरेस आली. जर्नलांत त्या पट्ट्यांसाठीं रकाना नव्हता, आणि कोन तर बरोबर आला होता. तरी त्यानें तेवढ्यावर उठून न जातां पट्ट्यांचींच मापें घेतलीं. नोव्हेंबर १९०६च्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ ह्या लंडनच्या मासिकांत त्यासंबंधींचा निबंध छापून आला. विद्यार्थी होते चंद्रशेखर वेंकट रामन. त्या महिन्यांत त्यांना अठरावें वर्ष पुरें झालें, आणि निबंधावर त्यांच्या एकट्याचेंच नांव होतें.