नेत्यांमधली भांडणे वाचताना : य. दि. फडके यांची पुस्तके

दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथे बाबासाहेबांचे खंड आणि चरित्रे सगळेच घेतात. यशवंत दिनकर फडके यांच्या पुस्तकांपाशी मात्र आमच्यातले काही जण आडनाव पाहूनच पुढे सरकतात. महात्मा फुले समग्र वाङ्मयाच्या सुधारित आवृत्तीचे संपादन याच फडक्यांनी केले. अरुण शौरी यांनी १९९७ मध्ये बाबासाहेबांवर चिखलफेक करणारे पुस्तक लिहिले, तेव्हा ‘डॉ. आंबेडकरांचे मारेकरी अरुण शौरी’ हे सडेतोड उत्तर त्यांनीच दिले. ‘आंबेडकरी चळवळ’ हे पुस्तकही त्यांचे.

फडके (१९३१–२००८) मूळचे सोलापूरचे आणि राज्यशास्त्राचे प्राध्यापक. बेळगावला २००० साली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पण कार्यकर्त्याला त्यांचा खरा उपयोग नेत्यांची मैत्री आणि वैर कसे तपासायचे, हे शिकण्यासाठी आहे.

‘शोध बाळगोपाळांचा’ टिळक आणि आगरकर यांच्यावर आहे. हे दोघे १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ एवढ्यावर हा वाद आपण संपवतो. प्रत्यक्षात डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे नियम आणि आजीव सदस्यांची बाहेरची मिळकत हेही वादाचे विषय होते. तत्त्व आणि व्यवहार एकमेकांत असे गुंतलेले असतात. ‘शाहू छत्रपती आणि लोकमान्य’ वाचल्यावर वेदोक्त प्रकरणातली ‘केसरी’ची बाजू नुसत्या गैरसमजावर ढकलता येत नाही.

आम्हाला सर्वात जवळचे वाटते ते केशवराव जेधे यांचे चरित्र. जेधे ब्राह्मणेतर चळवळीतून काँग्रेसमध्ये गेले, तिथून शेतकरी कामगार पक्षात, पुन्हा काँग्रेसमध्ये आणि शेवटी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. ‘देशाचे दुश्मन’ खटल्यात जेधे-जवळकरांना शिक्षा झाली, तेव्हा १९२६ साली अपिलात त्यांचे वकील होते बाबासाहेब. पुढे दोघांचे पक्ष वेगळे राहिले. १९५७ च्या निवडणुकीत मात्र शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि शेतकरी कामगार पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत एकत्र होते. म्हणजे प्रत्येक युती गद्दारी नसते. तिची तारीख, अटी आणि काय पदरात पडले, हे आधी पाहावे लागते.

आता आपल्या जिल्ह्यांकडे येऊ. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्यात दीक्षा दिली, तेव्हा आजचा गडचिरोली चांदा जिल्ह्यातच होता. तो १९८२ मध्ये वेगळा झाला. इथलेच बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे १९६९ ते १९७२ राज्यसभेचे उपसभापती होते. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत फुटला. बी. सी. कांबळे यांचा गट ‘दुरुस्त’ म्हणून ओळखला गेला. दादासाहेब गायकवाडांनी काँग्रेसशी समझोता केला. १९७० च्या सुमारास खोब्रागडे गट वेगळा झाला.

ही फाटाफूट आमच्याकडे अजूनही ‘कोण विकला गेला’ याच भाषेत सांगितली जाते. त्याच नेत्यांनी ६ डिसेंबर १९६४ ला देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला होता आणि पडीक जमीन मागितली होती, हे मात्र त्या गप्पांत येत नाही. जबरानजोतीच्या पट्ट्यासाठी आजही तहसीलच्या चकरा मारणाऱ्या गडचिरोलीच्या तरुणाला कुणाच्या खुर्चीपेक्षा त्या मागणीचे पुढे काय झाले, हे अधिक कामाचे आहे.

फडक्यांची भिस्त पत्रांवर, तेव्हाच्या वृत्तपत्रांवर आणि कागदपत्रांवर होती. आपल्याकडे असे कागद मूल, ब्रह्मपुरी, आरमोरीच्या घरांत ट्रंकांमध्ये पडून असतील आणि दर पावसाळ्यात त्यांना वाळवी लागत असेल. या दिवाळीत घर झाडताना सभेची पत्रके, पावत्या, जुने अंक सापडले तर रद्दीत घालू नका. मोबाइलवर फोटो काढा. पत्रकावर तारीख नसेल तर ते कुठल्या सभेत वाटले, हे आजोबांना विचारून मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा.