बनारसचं पाणी आणि तापलेलं इंजिन

आजची गोष्ट बनारसची आहे. घाटांची नाही, पण पाण्याची आहे.

बनारसच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून, म्हणजे ज्याला सगळे डीएलडब्ल्यू म्हणायचे, जानेवारी १९६४ मध्ये पहिलं रेल्वे इंजिन बाहेर पडलं. डब्ल्यूडीएम-२, सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, आराखडा अमेरिकेच्या आल्को कंपनीचा. यातली एक सोय मला फार आवडते. पाण्याची पातळी खाली गेली की एक स्विच इंजिनच बंद पाडतो. पाणी तापेल तसा रेडिएटरचा पंखा आधी हळू, मग पूर्ण वेगानं फिरतो. तरीही ताप चढला, तर घंटा वाजते. आणि पाणी कसलं? क्षार काढलेलं, गंजरोधक रसायन घातलेलं.

मोटारीला इथवर यायला बराच काळ लागला. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत पाणी सरळ उकळून वाफ होऊन जायचं. १८८८ मध्ये त्याची बायको बेर्था मानहाइमहून फोर्झहाइमला ती गाडी घेऊन गेली, तेव्हा वाटेत जागोजागी पाणी भरत गेली. मग १९०० च्या अखेरीस विल्हेल्म मायबाखनं मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, ८०७० बारीक नळ्यांचा. थोड्या पाण्यात जास्त उष्णता बाहेर. पण इंजिन फार थंड राहिलं तरी नुकसान, म्हणून पहिल्या महायुद्धाच्या सुमारास थर्मोस्टॅट आला. पुढे दाब धरणारं झाकण आलं, त्यामुळे पाणी शंभर अंशांना उकळेनासं झालं. प्रत्येक भाग आधीच्या दुखण्यावरचा उपाय आहे.

हे मला पाठ होतं, तरी मी फसलो. बनारसला राहायला गेल्यावर गाडीत बोअरचं पाणी भरत राहिलो. फौजेत रोज फर्स्ट परेडला रेडिएटर तपासून घेणारा माणूस मी! काटा वर जायला लागला. मेकॅनिक म्हणाला, ‘साहब, थर्मोस्टॅट निकाल देते हैं, गाड़ी ठंडी रहेगी.’ मी हो म्हणालो. हिवाळाभर इंजिन गरमच होईना, पेट्रोल मात्र जास्त जाऊ लागलं. जूनमध्ये प्रयागराजच्या रस्त्यावर हेड गॅस्केट गेलं. सोबत पत्नी आणि नातू, दुपारचे दोन.

खरं तर खूण समोर होती. गर्दीत उभं असताना काटा चढतो आणि वेग घेतल्यावर उतरतो, तर संशय पंख्यावर. माझं उलट होतं: गल्लीत ठीक, हायवेवर ताप. म्हणजे पाणी पुरेसं फिरत नव्हतं किंवा रेडिएटर उष्णता टाकत नव्हता. वरचा होज कढत आणि खालचा थंड असेल, तर थर्मोस्टॅट अडकलाय किंवा रेडिएटर चोंदलाय. गळती दिसत नाही, पाणी मात्र कमी होतंय आणि एक्झॉस्टमधून पांढरा धूर, तर गॅस्केट. एवढं बघायला दहा मिनिटं लागतात. फक्त झाकण गरम असताना उघडायचं नाही. दाबाखालचं पाणी तोंडावर येतं.

दुसऱ्या मेकॅनिकनं रेडिएटर खोलून दाखवला. किटलीत साचतो तसा पांढरा थर, निम्म्या नळ्या बंद. थर्मोस्टॅट बिचारा निर्दोष होता. नवा बसवला, रेडिएटर बदलला, हेड घासून घेतलं. पेन्शनमधून दोन महिने फेडत होतो.

आता डिकीत कूलंटचा कॅन असतो. नातू विचारतो, ‘आजोबा, आज पाणी बघितलंत का?’