प्रार्थना कमी पडत नव्हती

आम्ही बडोद्याचे मराठी ख्रिस्ती. धाकट्या भावाला नैराश्यानं गाठलं, तेव्हा नातलग म्हणाले, "तुमची प्रार्थना कमी पडते." मला इंग्रज कवी विल्यम कूपर आठवला. १७६३ साली त्याला जीव देण्याचा मोह झाला. प्रयत्न फसला. डॉ. कॉटन यांच्या उपचारांत तो सावरला, तिथंच विश्वासही गवसला. १७७३ मध्ये 'देवानंच टाकलं' असं वाटून पुन्हा कोसळला. ऑल्नीचे पाळक जॉन न्यूटन यांनी त्याला वर्षभर स्वतःच्या घरी सांभाळलं. दोघांची भक्तिगीतं १७७९ साली छापली गेली. आजार मात्र १८०० साली मरेपर्यंत सुटला नाही. म्हणून काय त्याची श्रद्धा खोटी? भावाला मी डॉक्टरांकडे नेलं, रात्री उशाशी बसून प्रार्थनाही केली. आज तो सत्तरीचा आहे. गोळ्या चालू आहेत, प्रार्थनाही.