गिरणगांवांतून आलेला फोटो

सातारा-सांगलीकडील एखाद्या जुन्या घरांत आपण गेलां, तर सोप्याच्या भिंतीवर, देवादिकांच्या तसबिरींशेजारीं, कोट घातलेल्या एका तरुणाचा फोटो बहुधा दृष्टीस पडेल. मागें रंगविलेला पडदा, त्यावर बाग किंवा महाल, बाजूच्या तिवईवर कागदी फुलें. मनुष्य मात्र एकटाच. आज या एकट्या मनुष्याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

इ. स. १८५४ या एकाच सालीं मुंबईंत दोन संस्था निघाल्या. कावसजी दावर यांनीं पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, आणि मुंबईची फोटोग्राफिक सोसायटीही त्याच वर्षीं स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटींतील नामांकित छायाचित्रकार. त्या काळीं फोटो काढणें हा डॉक्टर-साहेब मंडळींचा छंद होता. गिरणीकराच्या आवांक्यांत तो येण्यास पुष्कळ वर्षें लागलीं.

गिरणीकर मात्र आमच्याच मुलखांतून जात होते. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्यें ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला व १९६० मध्यें त्यास हल्लींचें नांव मिळालें. पण माण-खटाव काय किंवा जत-आटपाडी काय, पाऊस न पडण्याचें दुःख दोन्हीकडे सामाईकच. पीक बुडालें कीं तरुण मंडळी मुंबईची वाट धरीत. खानापूर-विट्याकडील गलाईवाले तर सोनें-चांदी गाळण्याचें काम करीत पार परप्रांतांतल्या सराफकट्ट्यांत जाऊन बसले. तेथें स्वतःची भाषा कानीं पडण्याचीही मारामार.

माझे वडील परळच्या एका गिरणींत साळखात्यांत कामास होते. खोली एक, गडी पंधरा-वीस. एक पाळीवर गेला कीं त्याच्या जागेवर दुसरा पथारी पसरी. जेवण खानावळींत. इतक्या दाटींत मनुष्य एकटा कसा, असें आपण विचाराल. मी लहानपणीं एकदां त्या खोलींत राहिलों आहें. वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेला, झांकणाच्या आंतल्या बाजूस, आमचा फोटो चिकटविलेला होता. आई, आजी आणि मांडीवर मी, असा तो साताऱ्यास जाऊन काढलेला. पाळीवरून आले कीं ते ट्रंक उघडीत व झांकणाकडे तोंड करून कांहीं वेळ बसत. तेवढा वेळ त्यांच्याशीं कोणी बोलत नसे. प्रत्येकाच्या ट्रंकेचा असाच मान राखला जाई. त्या खोलींत स्वतःची म्हणून जागा होती ती एवढीच.

वर्तमानपत्रांनीं छापलेल्या गिरणगांवच्या चित्रांत आपणांस जमाव दिसतो: गिरणीचें फाटक, मोर्चा, सभा. स्टुडिओच्या फोटोंत एकटा मनुष्य दिसतो. ती खोली मात्र दोहोंतही नाहीं. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें फोटो पाहतांना कशाकडे कॅमेरा वळलाच नाहीं, हेंही विचारावें, असें मला वाटतें.

वडिलांनीं गांवीं धाडलेल्या फोटोंत त्यांच्या मनगटावर घड्याळ होतें. शिमग्यास ते घरीं आले तेव्हां मनगट रिकामें. आईनें एकदां विचारलें, ते कांहीं बोलले नाहींत. घड्याळ व्याजबट्टा करणाऱ्याकडे गहाण पडलें, असा तिचा ग्रह झाला, आणि तो सल तिनें वर्षानुवर्षें मनांत ठेवला. जानेवारी १९८२ मध्यें गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, व पुष्कळ जण गांवीं परतले ते कायमचेच. वडीलही त्यांत होते. त्या उन्हाळ्यांत आपल्याच फोटोखालीं बसून त्यांनीं सांगितलें कीं, कोट आणि घड्याळ दोन्हीं स्टुडिओचीं होतीं. आई उठून आंत गेली. बऱ्याच वेळानें चहा घेऊन आली.

वडील वारल्यावर तो फोटो मोठा करून घेण्यास मी आईसह साताऱ्यास गेलों. दुकानदार म्हणाला, “गुरुजी, नुसता चेहरा घेऊं, म्हणजे ठसठशीत येईल.” मी होकार देणार, तोंच आई म्हणाली, “पुरा घ्या. घड्याळासकट.”